तंबूखालची जमीन

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पहाडी मुलखात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांसह तंबू घेऊन हिंडायचे ठरले, की आखणी सुरू होते ती बहुधा स्थळांच्या यादीपासून. यलोस्टोनचे उष्णोदकाचे फवारे, टीटनची शिखरे, कोलोराडोतला उंच घाट अशी नावे मांडायची आणि त्यांना जोडणारी रेघ नकाशावर ओढायची. यादीत चूक काही नाही, पण तिच्या नादात अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे राहतो. एखाद्या सामान्य कुटुंबाला थोड्याशा शुल्कात, कित्येक ठिकाणी फुकटही, डोंगरपायथ्याशी चार खुंट्या ठोकून रात्र काढता येते, ती जागा मोकळी राहिली कशी? डेन्व्हरहून निघून रॉकी पर्वतराजी ओलांडायची, वायोमिंगचा कोरडा मध्यभाग कापायचा आणि टीटनवरून यलोस्टोनच्या उत्तर दरवाजाशी पोहोचायचे, अशा हजार-अकराशे किलोमीटरच्या वाटेवर या प्रश्नाचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी मिळत जाते. ही जागा पाण्याच्या टंचाईने मोकळी राहिली आणि पुढे कायद्याने राखली. म्हणून या सहलीची आखणी पाणी, उंची आणि जमिनीची मालकी या तीन गोष्टींवरून करावी. स्थळे त्या चौकटीत आपोआप बसतात.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल, म्हणजे सुमारे सोळाशे मीटर उंचीवर आहे, पण शहराभोवतीचा मुलूख सपाट आणि कोरडा आहे. अमेरिकेच्या नकाशावर पश्चिम रेखांश 100 च्या आसपास एक अदृश्य सीमा आहे. तिच्या पश्चिमेला डोंगरमाथे आणि पॅसिफिक किनारपट्टी सोडली तर बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस इंचांहून, म्हणजे पाचशे मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो. साताऱ्याच्या माण-खटाव पट्ट्यात पडतो तितकाच, आणि कारणही तेच: समुद्रावरून येणारे ढग डोंगरांच्या पलीकडच्या अंगाला रिते होऊन येतात. जॉन वेस्ली पॉवेल या भूवैज्ञानिकाने 1878 साली आपल्या अहवालात ही सीमा सरकारपुढे ठेवली. यादवी युद्धात उजवा हात गमावलेल्या याच माणसाने 1869 मध्ये होड्यांतून ग्रीन आणि कोलोराडो या नद्यांचा प्रवास केला होता. 1862 च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला 160 एकर मिळत. पॉवेलचे म्हणणे असे, की ओलिताविना इथे 160 एकरांवर कुटुंब जगणार नाही, गुरे चारायची तर 2,560 एकर हवेत. त्याचे ऐकले गेले नाही. पूर्वेकडचा दमट प्रदेश वाटला, विकला, नांगरला गेला, पश्चिमेकडे नदीकाठच्या पट्ट्या तेवढ्या खाजगी झाल्या आणि उरलेली जमीन कुणी न घेतल्यामुळे सरकारकडे पडून राहिली. पुढे 1891 पासून राखीव जंगले, 1905 मध्ये वनसेवा, 1934 मध्ये चराईचा कायदा आणि 1946 मध्ये भूमी व्यवस्थापन विभाग अशी तिची व्यवस्था लागत गेली. अखेर 1976 च्या कायद्याने ही जमीन सामान्यतः विकायची नाही, राखायची, असे धोरण ठरले. आज नेवाडाची सुमारे 80 टक्के, युटा आणि आयडाहोची 60 टक्क्यांहून अधिक, वायोमिंगची जवळजवळ निम्मी आणि कोलोराडोची एक तृतीयांशाहून अधिक जमीन संघराज्याच्या मालकीची आहे. आयोवात हे प्रमाण एक टक्काही नाही.

डेन्व्हरच्या वायव्येला दोनेक तासांवर रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान लागते. 1915 साली स्थापन झालेल्या या उद्यानातला ट्रेल रिज रस्ता 12,183 फुटांपर्यंत चढतो. बर्फ काढून तो साधारण मे महिन्याच्या अखेरीस उघडतो आणि ऑक्टोबरात पुन्हा मिटतो. साडेअकरा हजार फुटांच्या आसपास झाडे संपतात आणि पुढे बोटभर उंचीच्या फुलझाडांचे गवताळ पठार सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दुपारी हमखास विजा कडाडतात आणि मोकळ्या माथ्यावर आडोसा नसतो, म्हणून मुलांना घेऊन वर जायचे ते सकाळीच. उंचीचा हिशेब स्वयंपाकातही चुकत नाही. अडीच हजार मीटरवर पाणी 92 अंशांच्या आतबाहेर उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. मराठी घरांतून तिकडे जाणाऱ्यांनी सामानात कुकर ठेवावा, हा सल्ला हौसेचा नाही, भौतिकशास्त्राचा आहे. मात्र या रस्त्यावर चकित करते ती वेगळीच गोष्ट. समोरच्या ‘नेव्हर समर’ डोंगररांगेच्या कुशीत एक सरळ आडवी रेघ दिसते. निसर्ग अशी रेघ काढत नाही. तो 1890 मध्ये खणायला घेतलेला ‘ग्रँड डिच’ नावाचा कालवा आहे. पश्चिम उताराचे पाणी अडवून तो जलविभाजकावरून पूर्वेच्या शेतीकडे नेतो. कोलोराडो राज्याचा सुमारे 80 टक्के पाऊस-बर्फ पश्चिम उतारावर पडतो आणि बहुतेक लोकवस्ती मात्र पूर्वेला आहे. 1947 पासून याच उद्यानाच्या पोटातून 21 किलोमीटर लांबीच्या बोगद्याने पाणी पूर्वेला वाहते आहे. पलीकडे ग्रँड लेकच्या परिसरात ज्या तळ्यांच्या काठी तंबू लागतात, त्यांतली मोठी तळी या पाणी-यंत्रणेचे साठे आहेत. ज्याने पाणी आधी वापरले त्याचा हक्क आधी, हे इथल्या पाणीवाटपाचे मूळ तत्त्व 1876 च्या कोलोराडो राज्यघटनेतच आहे. काठावर कोणाची जमीन आहे, याला त्यात महत्त्व नाही.

कुणी म्हणेल, धरणे आणि बोगदे दाखवून रानाची मजा का घालवायची? मुलांना अस्सल जंगल हवे. पण जंगलाचे अस्सलपण तळाच्या मांडणीपासूनच तपासावे लागते. एकेरी वळसा घेणारा रस्ता, त्याला फुटलेली गाडीपुरती पाचर, पक्के रोवलेले टेबल आणि शेकोटीचे लोखंडी कडे, ही जी रचना अमेरिकेत सर्वत्र दिसते ती 1930 च्या दशकात एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाने सुचवली. मोटारी वाटेल तिथे घुसून माती दाबत आणि झाडांची मुळे गुदमरत, हे त्याने ओळखले होते. गाडीची आणि माणसाची जागा एकदा ठरवली की बाकीचे रान वाचते, हे त्याचे सूत्र. मंदीच्या काळात 1933 ते 1942 या वर्षांत बेरोजगार तरुणांच्या पथकांनी असे असंख्य तळ, पायवाटा आणि दगडी ओटे बांधले. म्हणजे तंबूची जागा ही सरकारी रोजगार योजनेची देणगी आहे. आगीचा इतिहासही असाच मानवी आहे. ग्रँड लेकहून वॉल्डनकडे जाताना डोंगरच्या डोंगर काळ्या खांबांचे दिसतात. आधी खोडकिड्याने लॉजपोल पाइनची झाडे वाळवली, मग ऑक्टोबर 2020 मध्ये ईस्ट ट्रबलसम वणव्याने 1,90,000 एकरांहून अधिक क्षेत्र जाळले आणि उघडा खडकाळ जलविभाजकही ओलांडला. दशकानुदशके प्रत्येक वणवा विझवण्याच्या धोरणाने अनेक जंगलांत इंधन साठले, तापत्या आणि कोरड्या उन्हाळ्यांनी त्यात भर घातली. याचे धडे सरळ आहेत. वाळल्या झाडाखाली तंबू लावायचा नाही, शेकोटीबंदी आली तर गॅसच्या शेगडीवर भागवायचे, लाकूड जिथे जाळायचे तिथेच विकत घ्यायचे, कारण दूरच्या मोळीतून कीड प्रवास करते. वणव्याचा धूर ऑगस्टमध्ये दाटतो आणि उंचावरचा बर्फ जूनअखेरपर्यंत रेंगाळतो. कुटुंबासाठी जुलै बरा, फक्त डासांची तयारी हवी.

वायोमिंगमध्ये शिरून एल्क माउंटनच्या पायथ्याशी आले की मालकीचा प्रश्न अगदी भूमितीसारखा समोर येतो. 1869 मध्ये पुरा झालेला पहिला महाखंडीय लोहमार्ग इथूनच जातो. तो बांधायला भांडवल मिळावे म्हणून सरकारने रुळांच्या दोन्ही बाजूंना वीस मैलांपर्यंत एक-एक चौरस मैलाचे चौकोन आखून एक कंपनीला, एक स्वतःला असे वाटून टाकले. हा बुद्धिबळाचा पट आजही नकाशावर तसाच आहे. सरकारी चौकोन एकमेकांना कोपऱ्यातच भेटतात, मग एका चौकोनातून दुसऱ्यात पाऊल टाकले तर ते खाजगी हद्दीचे उल्लंघन ठरते का? 2021 मध्ये मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी कोपऱ्यावर शिडी लावून, खाजगी जमिनीला पाय न लावता पलीकडे उतरण्याची युक्ती केली. त्यांच्यावर फौजदारी खटला झाला आणि ज्युरीने त्यांना निर्दोष सोडले. मग जमीनमालकाने भरपाईचा दावा लावला. 2025 मध्ये डेन्व्हरच्या संघीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. निकालाचा आधार होता 1885 चा कायदा, सार्वजनिक जमिनीला कुंपण घालून लोकांना अडवू नये असे सांगणारा. सहलीला निघालेल्या कुटुंबाला यातून काय घ्यायचे? मालकीचे रंग दाखवणारा नकाशा रस्त्यांच्या नकाशाइतकाच आवश्यक आहे. भूमी व्यवस्थापन विभागाच्या बहुतेक जमिनीवर कुठलीही नोंदणी न करता साधारण चौदा दिवस राहता येते. तिथे नळ नाही, शौचालय नाही, आणि पहाटे तंबूशेजारी गाई चरताना दिसल्या तर नवल करू नये. चराई, खाणकाम, शिकार आणि सहल यांनी एकच जमीन वापरायची, हेच या व्यवस्थेचे धोरण आहे.

रॉलिन्सच्या आसपास जलविभाजकाची रेषा दुभंगते आणि दोन फाट्यांच्या मध्ये एक प्रचंड खोरे उरते. तिथले पाणी पॅसिफिकला जात नाही आणि अटलांटिकलाही जात नाही. ते जमिनीत मुरते किंवा वाफ होऊन जाते. सेजब्रशच्या करड्या झुडपांत प्राँगहॉर्न हरणे धावतात, वारा थांबत नाही आणि मैलोन्‌मैल घर दिसत नाही. प्रवासी हा टप्पा कंटाळवाणा म्हणून झटपट उरकतात, पण संपूर्ण वाटेचे मर्म इथेच आहे. हा प्रदेश ओलांडून स्वीटवॉटर नदी गाठली की 1840 ते 1860 च्या दशकांत बैलगाड्यांनी ऑरेगन, कॅलिफोर्निया आणि युटाकडे गेलेल्या स्थलांतरितांचा मार्ग लागतो. ती माणसे लाखांच्या संख्येने गेली, पुष्कळजण सहकुटुंब. वसंतात गवत उगवले की निघायचे, 4 जुलैच्या सुमाराला इंडिपेंडन्स रॉक गाठायचा आणि पुढच्या घाटांत बर्फ पडण्याआधी पार व्हायचे, असे त्यांचे वेळापत्रक होते. प्रत्येक मुक्काम पाणी आणि चारा पाहून ठरे. त्यांना इथे राहायचे नव्हते. पुढे जायचे होते. कारण त्यांच्या डोळ्यांना ही जमीन निकामी दिसत होती. 1950 च्या दशकात युरेनियम सापडल्याने याच वाटेवर वाढलेले जेफ्री सिटी हे गाव खाणी बंद पडताच ऐंशीच्या दशकात ओस पडले. पाण्याखेरीज दुसऱ्या कशावर इथे वस्ती टिकत नाही, याचा हा रस्त्याकाठचा पुरावा.

लँडरपलीकडे विंड रिव्हर आरक्षित प्रदेश सुरू होतो आणि या लेखातल्या दाव्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप तिथे उभा राहतो. जमीन ‘कुणी घेतली नाही’ हे म्हणणे गोऱ्या वसाहतकारांपुरते खरे आहे. शोशोनी, अरापाहो, यूट, क्रो या लोकांचे इथे पिढ्यान्‌पिढ्यांचे वास्तव्य होते आणि ऋतूप्रमाणे दऱ्यांतून माथ्यांवर फिरणे हीच त्यांची जमीन वापरण्याची रीत होती. 1868 च्या फोर्ट ब्रिजर तहाने शोशोनींना हा प्रदेश मिळाला, नंतरच्या करारांनी तो आक्रसत गेला, आणि 1878 मध्ये त्यांचे जुने वैरी उत्तर अरापाहो यांनाही सरकारने तिथेच आणून वसवले. योगायोग असा, की त्याच 1878 साली ब्रिटिशांनी भारतात वन कायदा करून आदिवासींच्या वापरातली जंगले राखीव करण्याचा मार्ग मोकळा केला. ‘सरकारी जमीन’ दोन्हीकडे कुणाच्या तरी बेदखलीवर उभी राहिली, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यामुळे मूळ दावा ढासळत नाही. उलट त्यात पाण्याचे महत्त्व आणखी पक्के होते. आरक्षित प्रदेश निर्माण करताना त्यासाठीचे पाणीही राखले गेले असे मानावे, हा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1908 मध्येच दिला होता. त्या तत्त्वावर विंड रिव्हरच्या जमातींना 1868 पासूनचा, म्हणजे खोऱ्यातला सर्वांत जुना, हक्क मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. मात्र तेच पाणी माशांसाठी नदीत वाहते ठेवायचे म्हटल्यावर 1992 मध्ये वायोमिंगच्या न्यायालयाने नकार दिला. तेव्हा या भागात तळ टाकणाऱ्याने ही सरकारी जमीन नव्हे, जमातींची आहे हे ध्यानात ठेवावे आणि मासेमारीचा किंवा मुक्कामाचा परवाना त्यांच्याकडूनच घ्यावा.

डुबॉइसहून टॉग्वोटी खिंड उतरताना टीटनची शिखरे समोर अशी उभी ठाकतात, की पायथ्याच्या टेकड्या कुठे गेल्या असे वाटावे. त्या नाहीतच. भ्रंशरेषेच्या एका बाजूची जमीन वर उचलली गेली आणि दुसऱ्या बाजूची खचली, त्यामुळे दरीच्या सपाटीवरून 13,775 फुटांचे शिखर थेट उठते. त्याचे प्रतिबिंब ज्या जॅक्सन तळ्यात पडते, त्याची पातळी विसाव्या शतकाच्या आरंभी धरण बांधून वाढवलेली आहे आणि त्या वाढीव पाण्याचे हक्कदार आहेत शेजारच्या आयडाहोतले बटाटे-बीट पिकवणारे शेतकरी. दुष्काळी वर्षी राष्ट्रीय उद्यानातले तळे त्यांच्यासाठी उपसले जाते आणि काठाशी चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. दरीतली जमीन सार्वजनिक झाली तीही सरळपणे नाही. 1920 च्या दशकाच्या अखेरीपासून धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी एका कंपनीच्या आडून, नाव कळू न देता कुरणे विकत घेतली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 1943 मध्ये हा भाग राष्ट्रीय स्मारक जाहीर केला, तेव्हा चिडलेल्या गुरेपालकांनी त्यातून गुरांचा कळप हाकत नेऊन निषेध केला. शेवटी 1950 मध्ये तडजोड होऊन आजचे उद्यान झाले. या राखणीची किंमत आजही कुणीतरी मोजते आहे. टीटन काउंटीत 97 टक्के जमीन सार्वजनिक असल्याने उरलेल्या तीन टक्क्यांचे भाव गगनाला भिडले, श्रीमंतांनी बंगले बांधले आणि हॉटेलांत, दवाखान्यांत, शाळांत काम करणारे लोक डोंगरापलीकडे आयडाहोत राहू लागले. जून 2024 मध्ये टीटन खिंडीतला रस्ता खचला तेव्हा त्यांची रोजची वाटच तुटली. सार्वजनिक जमीन सर्वांची, हे वाक्य म्हणताना तिच्या शेजारी कोणाला राहता येते, हेही पाहावे लागते.

यलोस्टोनमध्ये शिरले की पुढचा आक्षेप गर्दीचा. 1872 मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानात 2021 च्या एकट्या जुलैत दहा लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या. मग कसले रान? गर्दी खरी आहे, पण ती काही मोजक्या रस्त्यांवर आणि लाकडी पदपथांवर साचते. सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटरच्या उद्यानाभोवती राष्ट्रीय वनांचे कडे आहे. मुक्काम त्या कड्यात ठेवून पहाटे आत यावे, तर गर्दीचा काच बराच सैल होतो. आणि ही गर्दी शिकवण्याजोगीही आहे. एकेकाळी इथली अस्वले हॉटेलांच्या उकिरड्यांवर पोसली जात आणि लोक बाकांवर बसून तो तमाशा पाहत. 1970 च्या सुमारास उकिरडे बंद झाले. आज प्रत्येक तळावर अन्न, टूथपेस्ट, साबण, लोणच्याची बरणीसुद्धा लोखंडी पेटीत किंवा गाडीत बंद करावी लागते, आणि अस्वल किंवा लांडगा दिसला तर शंभर यार्डांचे अंतर राखावे लागते. शिकारीमुळे 1902 पर्यंत इथे दोनेक डझन गवे उरले होते, आता काही हजार आहेत. मारून संपवलेले लांडगे 1995 मध्ये कॅनडातून आणून सोडले. 1988 च्या वणव्यांनी उद्यानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग होरपळला, पण उष्णतेने उघडणाऱ्या शंकूंमुळे लॉजपोल पाइन पुन्हा दाट उगवला. आदिवासी इथल्या फवाऱ्यांना भिऊन दूर राहत, ही जुन्या अधिकाऱ्यांनी पसरवलेली कथाही खोटी ठरली आहे. ऑब्सिडियन क्लिफचा काचेसारखा काळा दगड हजारो वर्षे काढला जात होता आणि तो पूर्वेला पार ओहायोपर्यंत सापडतो. आज जे नैसर्गिक दिसते त्यातले बरेचसे मागच्या चुका उलटवून परत आणलेले आहे.

शेवटचा आक्षेप अर्थकारणाचा. पश्चिमेतले अनेक रहिवासी विचारतात, वॉशिंग्टनने आमच्या राज्याची निम्मी जमीन का अडकवून ठेवावी? तिच्यावर कर नाही, विकास नाही. 1970 च्या दशकात याच रागातून सेजब्रश बंड नावाची चळवळ उठली होती. रागात तथ्य आहे. करांच्या बदल्यात संघराज्य काउंटींना पैसे देते, पण ते तुटपुंजे असल्याची तक्रार जुनीच आहे. तरीही राज्यांच्या हाती ही जमीन गेली असती तर काय झाले असते, याचा अंदाज राज्यांना मिळालेल्या शाळा-निधीच्या जमिनींवरून येतो. त्यांतल्या कितीतरी विकल्या गेल्या, नेवाडाने तर जवळजवळ साऱ्याच. 2025 च्या उन्हाळ्यात सिनेटमध्ये लाखो एकर सार्वजनिक जमीन विकण्याची तरतूद आली, तेव्हा ती मागे घ्यायला लावणाऱ्यांत केवळ पर्यावरणवादी नव्हते. मॉन्टाना आणि आयडाहोतले रिपब्लिकन सिनेटर, शिकारी, मासेमार आणि तंबू घेऊन फिरणारी कुटुंबे असे सारे त्यांत होते. कोरड्या हवेने ही जमीन एका शतकापुरती वाचवली. आता घरांना, डेटा केंद्रांना आणि खाणींना पाणी दुरून आणता येते, त्यामुळे ‘निकामी’ असण्याचे जुने संरक्षण संपत आले आहे. इथून पुढे ती टिकेल ती तिचा वापर करणाऱ्यांच्या संख्येवर आणि त्यांच्या समजेवर. म्हणून मुलांना घेऊन या वाटेला लागणाऱ्याने यादीत फवारे आणि शिखरे जरूर ठेवावीत, पण प्रत्येक मुक्कामी तीन प्रश्नांची उत्तरे मुलांनाच शोधायला लावावीत: इथले पाणी कुठे जाते, ही जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि त्याआधी ती कोणाची होती.